तिसरी सही

माय, पाचोडच्या स्टँडवर एसटीत बसवताना तू एवढंच म्हणालीस, "जपून ऱ्हाय. शहर लई वाईट." शहर कसलं वाईट! गुलमंडीच्या बाजारात मी विशालसोबत राजरोस साड्या बघत फिरले, एकानंही ओळखलं नाही.

मग विवाह नोंदणी कचेरीत आमच्या लग्नाची नोटीस दिली. वय, पत्ता, आधीचं लग्न नाही, जवळचं नातं नाही, सगळं लिहून दिलं. ही नोटीस फोटोंसकट तीस दिवस कचेरीच्या फलकावर लावतात, कुणाची हरकत असेल तर घ्यावी म्हणून. त्याच आवारात जमिनीच्या खरेदीखताला अर्धा जिल्हा येतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझा भाऊ, लासूर स्टेशनचा मामा, तिथं आला आणि त्यानं माझा फोटो पाहिला.

दुसऱ्या दिवशी अण्णा कचेरीत हजर. "पोरगा आमच्या जातीचा नाय," ही त्यांची हरकत. नोंदणी करणारे साहेब म्हणाले, हे कारण कायद्यात बसत नाही. अण्णा माझ्या खोलीवर न येताच परतले. लेकीशी भांडले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर तूही फोन उचलला नाहीस. उरलेले दिवस मी जीव मुठीत धरून काढले.

लग्नाला तीन साक्षीदार लागतात. दोन मैत्रिणी होत्या. तिसरी जागा मी वेडीनं मामासाठी ठेवली आणि त्याला फोन केला. तो नुसता "हं" म्हणाला.

पण आला. फेटा बांधून आला. आम्ही साहेबांसमोर उभे राहिलो तसा तो न सांगता माझ्या मागं जाऊन उभा राहिला, मांडवात नवरीच्या मागं मामा उभा राहतो तसा. साहेबांनी सहीला बोलावलं. मामा जागचा हलला नाही.

"उभा ऱ्हातो की बाई. सही तेवढी मागू नकं. मला चार माणसांत ऱ्हायचंय."

मला संताप आला, रडूही आलं. विशालनं ऑफिसातल्या मित्राला बोलावून घेतलं आणि तिसरी सही त्याची झाली. तोवर मामा तसाच उभा होता. पेढा न घेताच गेला.

आता तो सगळ्यांना सांगतो म्हणे, मी त्या लग्नाला गेलोच नव्हतो. कागदावर त्याचं नाव नाही, त्याला खोटं कोण पाडणार? मीही पाडणार नाही. माझं माहेर आता त्या एका माणसाएवढंच उरलंय. अण्णांना यातलं काही सांगू नकोस. पण लेकीच्या लग्नात तिच्या पाठीशी आपलं कुणीच नव्हतं, असं समजून तू रडत बसू नकोस.