मारामाऱ्या बसवणारी ताई

ताईला उजव्या कानानं जवळपास ऐकू येत नसे. ती नऊ वर्षांची असताना बापानं एक थप्पड ठेवून दिली होती, तेव्हापासून तो कान गेलाच. नवा माणूस चुकून उजवीकडून बोलायला लागला की ती त्याला दंडाला धरून डावीकडे नेऊन उभं करायची, खुर्ची सरकवावी तशी.

ती आणि तिचा धाकटा भाऊ मिळून एक छोटी नाटकमंडळी चालवायचे. पाचसहा माणसं आणि टायरचं एक जुनं गोदाम, एवढाच पसारा. पत्र्याखाली अंगाची नुसती लाही व्हायची, आणि कितीही धुतलं तरी रबराचा वास जायचा नाही. रंगमंच नव्हता. प्रेक्षक भिंतीला टेकून उभे राहत आणि नाटक त्यांच्या नाकासमोर घडे. नाटकं भाऊ रचायचा; त्याला सगळे सर म्हणत. ताई मारामाऱ्या बसवायची.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बाप कमरेचा पट्टा काढायचा, तेव्हा ती धाकट्याला पलंगाखाली ढकलून स्वतः पुढे व्हायची. मान कधी फिरवायची, पडताना कोपर कसं वाचवायचं, हे मार खाता खाता अंगालाच कळत गेलं. पुढे तेच तिचं काम झालं.

"मारणारा काहीच करत नाही," ती नव्या नटांना सांगायची. "सगळं मार खाणारा करतो. हात गालापासून वीतभर लांबून जातो. आवाज मार खाणाऱ्यानं स्वतःच्या मांडीवर काढायचा. आणि त्यानं पंजा वर केला की खेळ तिथेच थांबला. समोर कुणी का असेना."

बारा वर्षांत तिच्या तालमीत कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

मग सरांनी त्यांच्या स्वतःच्या घरावरचं नाटक काढलं. बाप तोवर मरून गेला होता. नाटकात बाप, मुलगी, पलंग आणि पट्टा. शब्द एकही नाही. बापाचं काम मंडळीतल्या बस ड्रायव्हरकडे होतं. माणूस दारात मावायचा नाही एवढा, पण गाडीखाली कुत्रं आलं तर दोन दिवस जेवायचा नाही. मुलीचं काम नर्सकडे होतं. ती दवाखान्यातली ड्यूटी संपवून थेट तालमीला यायची.

पहिल्या आठवड्यापासूनच सरांचं डोकं फिरलं. "खोटं! सगळं खोटं दिसतंय!" म्हणत त्यांनी स्टूल उचलून भिंतीवर आपटलं. दुसऱ्या आठवड्यात ड्रायव्हरची गचांडी धरली आणि, "असं मारतात, असं!" म्हणत त्याच्या दोन्ही गालांवर वाजवल्या. ड्रायव्हरनं मनात आणलं असतं तर सरांना एका हातानं उचलून बाहेर फेकलं असतं. तो नुसता गाल चोळत उभा राहिला.

ताई काही बोलली नाही. तिसऱ्या आठवड्यात सरांनी नर्सला "दाखवताना" तिचा ओठ फोडला, तेव्हाही नाही. तिनं बर्फ आणला, रुमालात गुंडाळून नर्सच्या ओठाला लावला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी मान जरा आधी फिरव."

नर्सनं तिच्याकडे टक लावून पाहिलं. "मान मी वेळेवर फिरवली होती, ताई. ती फिरल्यावर त्यांनी मारलं."

ताईनं बर्फ तिच्या हातात दिला आणि उठली. घरी जाताना भावाला एवढंच म्हणाली, "जरा दमानं घे." तो म्हणाला, "तू तर असं बोलूच नकोस. तो पट्टा खोटा नव्हता, तुला माहीत आहे."

प्रयोगाला अकरा दिवस राहिले होते. चौथ्या आठवड्यातल्या रविवारची दुपार होती. सरांनी ड्रायव्हरला बाजूला सारलं, पट्टा हातात घेतला आणि पितळी बक्कल खाली सोडलं. नर्स पलंगाला पाठ लावून बसली होती. पहिला फटका तिच्या खांद्यावर बसला. तो खरा होता, हे आवाजावरून ताईला कळलं. नर्सनं पंजा वर केला.

सर थांबले नाहीत. दुसरा फटका त्या पंज्यावरून घसरून कपाळावर गेला. भुवई उघडली आणि रक्त डोळ्यात उतरलं. दिवे सांभाळणाऱ्या वायरमननं घाबरून सगळे दिवे एकदम लावले. नर्स ओरडली, "बस्स करा!" तिसरा फटका बसला.

ताई मध्ये पडली. भावानं तिच्याकडे पाहिलंही नाही. पट्ट्याचा परतीचा फटका तिच्या गळ्यावर आला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. दिव्याच्या स्टँडची एक लोखंडी नळी सुटी पडली होती, ती तिनं उचलली. पहिला घाव मनगटावर घातला. हाड मोडल्याचं ड्रायव्हरला लांबवर ऐकू आलं. पट्टा गळून पडला, भाऊ गुडघ्यांवर आला.

तिथे थांबायला हवं होतं, पण ती थांबली नाही. तिनं त्याच्या खांद्यावर घातली, पाठीवर घातली, बरगड्यांवर घातली. तो पलंगाखाली शिरायला लागला तर पाय धरून त्याला बाहेर ओढलं आणि पुन्हा घातली. शेवटी ड्रायव्हरनं तिला मागून कवेत धरून उचललं, तेव्हाही ती हवेत पाय झाडत होती.

दवाखान्यात नर्सच्या भुवईला सात टाके पडले. पलीकडच्या खाटेवर भाऊ होता. मनगट दोन ठिकाणी मोडलेलं, दोन बरगड्या गेलेल्या. हवालदार वही घेऊन आला.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"शिडीवरून पडलो," भाऊ म्हणाला.

त्यांच्या घरात कुणाला काही झालं, की आई शेजाऱ्यांना हेच सांगायची. ताई हवालदारासमोर येऊन उभी राहिली. "पडला नाही," ती म्हणाली. "मी मारलंय. आणि त्याआधी यानं त्या बाईला पट्ट्यानं मारलं. तीन आठवडे मंडळीतल्यांना मारत होता. मी बघत होते. तेही लिहा."

नर्सनं सरांवर तक्रार केली आणि ती शेवटपर्यंत चालवली. त्यांना शिक्षा झाली, सहा महिने आत काढावे लागले. भावानं बहिणीविरुद्ध तोंडातून ब्र काढला नाही, त्यामुळे तिच्यावर खटला झाला नाही. नर्स मंडळीत परत आली नाही. ताई दोनदा तिच्या दारात गेली. पहिल्यांदा दार उघडलंच नाही. दुसऱ्यांदा नर्स उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "तुम्ही मला वाचवलंत, मान्य. पण तीन आठवडे उशिरा."

ते नाटक कधी झालं नाही. गोदाम वर्षभर बंद राहिलं. मग एक दिवस ड्रायव्हर आणि वायरमन येऊन म्हणाले, "कुलूप गंजलंय, ताई. उघडायचं का?"

भाऊ सुटल्यावर आईकडे राहायला गेला. त्याचं मनगट नीट वळत नव्हतं. ताई रविवारी तिकडे जेवायला जायची. दोघं समोरासमोर बसायचे, बोलायचे नाहीत. एका रविवारी आई आत भांडी घासत असताना त्यानं मान वर न करता विचारलं, "मला मारताना तुला काय वाटत होतं?"

"पहिल्या घावाला भीती वाटली," ताई म्हणाली. "मग बरं वाटायला लागलं. फार बरं."

"मलाही तसंच वाटायचं," तो म्हणाला, आणि डाव्या हातानं ताट उचलून आत गेला.

दुसऱ्या दिवशी तालमीला दोन नवी मुलं आली होती. अंग मोकळं करायच्या आधी ताईनं सगळ्यांना जमिनीवर बसवलं आणि हे सगळं, एक शब्द न गाळता, त्यांना सांगितलं.