वारंगा फाट्यावरचं डिफरन्शियल

"घरी करमत नाही तिला, म्हणून आणली सोबत," दादा सांगत होता.

भंगारवाल्याने त्याला विचारलं होतं, "ताईला काहून आणलं, भाऊ? इथं समदं ग्रीस न् गंज." त्यावर माझ्या सख्ख्या भावाचं हे उत्तर. मी त्याच्या मागेच उभी होते.

वर्षभर आम्ही दोघं क्वार्टरमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक स्पोर्ट्स कार बांधत होतो. वडील कालव्याच्या कामावर ओव्हरसियर. कॉलनीतले लोक आमच्या गाडीला 'बिनटपाची मोटर' म्हणून हसायचे. अपघातात गेलेल्या ॲम्बेसेडरचं इंजिन आणि मागच्या चाकांचा आस, अँगल जोडून केलेली चौकट, हाताने ठोकलेला पत्रा. जाडजूड इंग्रजी पुस्तक मी वाचायचे, दादाला समजावून सांगायचे, तो करायचा. गाडी झाली की कुरुंद्यापर्यंत पहिल्यांदा मी चालवायची, असं ठरलं होतं. अलीकडे तो त्याचं नावही काढत नव्हता. मित्रांना गाडी दाखवताना 'मी बांधली' म्हणायचा.

पहिल्याच फेरीत डिफरन्शियलचे दात गेले. मागच्या आसाच्या मधोमध बसून इंजिनाची फिरकी दोन्ही चाकांना वाटून देणारा तो लोखंडी गोळा. त्याच्यावाचून गाडी म्हणजे नुसतं सामान. दुसरं शोधायला आम्ही वारंगा फाट्यावर आलो होतो.

माझी मराठी बोर्डिंगच्या शाळेत अडखळती झाली होती. लग्नाकार्यात आतेबहिणी माझ्या बोलण्याची नक्कल करायच्या. म्हणून परक्यांसमोर मी दादाशी हळूच इंग्रजीत बोलायचे आणि तो ते मराठीत, स्वतःचं म्हणून, मोठ्याने सांगायचा. ही सोय मला बरी वाटायची. त्याला जास्तच.

भंगारात गोळ्यासकट दोन आस पडले होते. एक ॲम्बेसेडरचा, गंजलेला. दुसरा वरवर पुसून ठेवलेला, जीपचा.

"हे घ्या. फौजी माल हाय," भंगारवाला म्हणाला. "हत्ती बांधा मागं, वढून नेईल. तकलीफ न्हाई."

आम्हाला हत्ती ओढायचा नव्हता, पळायचं होतं. चाकाच्या एका फेऱ्यात गोळ्याचं इंजिनाकडचं तोंड जितकं कमी फिरेल तितकी गाडी पळणार, हे पुस्तकातलं मीच त्याला शिकवलं होतं. घरी आमचं तुटण्याआधी आम्ही मोजलंही होतं. दोन्ही चाकं उचलून, एक त्याने, एक मी, बरोबरीने फिरवून. तोंड साडेचार फेऱ्यांच्या आसपास फिरलं होतं.

इथे जीपच्या आसापाशी दादा एकटाच बसला. खडूची खूण करून त्याने एक बाजू फिरवली. दुसरी बाजू चिखलात रुतलेली.

"अडीचच्या थोडं वर!" तो ओरडला. "आपल्यापेक्षा कितीतरी भारी! हेच घेऊ."

"भाऊला बराबर कळतं," भंगारवाला म्हणाला.

एक बाजू अडलेली असली की आकडा निम्माच येतो. खरा आकडा पाचाच्या वर होता. हे बसवलं असतं तर आमच्या गाडीला बैलगाडीनेही मागे टाकलं असतं. मी वाकून दादाला इंग्रजीत हळूच सांगितलं. त्याला कळलं, त्याचे कान लाल झाले.

"काय म्हणून राहिल्या ताई?" भंगारवाल्याने विचारलं.

"काही नाही," दादा माझ्याकडे न बघता म्हणाला. "पाणी मागतेय."

भंगारवाला भला माणूस. लगेच आत जाऊन माठातलं पाणी घेऊन आला. पितळी पेला गार होता, काठावर ग्रीसचं बोट उमटलेलं. "घ्या ताई, ऊन लागलं असंल," तो म्हणाला. दादा तोच आस भाड्याच्या टेम्पोत चढवायला दोरी सोडवत होता. वर्षभर मी त्याला जे जे सांगितलं, त्याचं त्याने बाहेर काय केलं असेल, ते मला तेव्हा कळलं.

मी पेला भंगारवाल्याच्या हातात परत दिला. अडखळत का होईना, मराठीतच बोलले, दोघांना ऐकू जाईल असं.

"मला पाणी नको. ती दुसरी बाजू चिखलातून वर काढा, दोन्हीकडून फिरवा, आणि परत मोजा. दादाचं चुकलंय."