सल्ल्याविरुद्ध

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती गेली तेव्हा ती सोयही संपली. आता तुम्हाला सांगतो.

पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी रेकॉर्ड रूममध्ये कारकून होतो. पेशंट घरी गेला किंवा दगावला, की त्याचा केसपेपर माझ्याकडे यायचा. नोंद करायची, गठ्ठा बांधायचा; कुणी पेशंट घरी नेत असेल तर वॉर्डात जाऊन त्यांची सही घ्यायची. यात कुणाचं काय वाईट होणार?

गेल्या महिन्यात एक तरुण डॉक्टर मुलगी घरी आली. देशभरातल्या हॉस्पिटलांच्या नोंदी एकत्र करून कुठले पेशंट वाचले, कुठले नाहीत आणि का, याचा ती अभ्यास करते. आमचे जुने कागदही आता कॉम्प्युटरवर चढलेत म्हणे.

"काका, तुमच्याकडे मृत्यू इतके कमी, आणि 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेले' असे पेशंट इतके जास्त — असं कसं हो?"

मी म्हणालो, "अहो, पुण्यात कुणी कुणाचा सल्ला ऐकतं का?"

ती खळखळून हसली. मग वहीत लिहून घेतलं — नातेवाइकांचं अज्ञान. मी चहाचा कप पुढे सरकवला.

खरं काय होतं? पेशंट वाचत नाही असं दिसलं, की डॉक्टरच नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगायचे — आता घरी न्या, इथे करण्यासारखं काही उरलं नाही. लोक न्यायचे. मृत्यू घरी व्हायचा; आमच्या रजिस्टरात तो यायचाच नाही. कागदावर मात्र 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेले'. तसं लिहा, हे वरून आलं होतं. पण रोज हाताने लिहायचा कंटाळा येतो म्हणून बुधवार पेठेत जाऊन त्या तीन शब्दांचा रबरी शिक्का करून आणला, तो मी. कुणी सांगितलं नव्हतं. शिक्का स्वच्छ उठायचा, याचं मला कौतुकही होतं.

एवढंच असतं तर — पण एवढंच नाही.

सुमनबाई खडकीच्या. नवरा तिथल्या कारखान्यात कामाला; आमच्याकडे पेशंट होता. डॉक्टर त्यांना "घरी न्या" म्हणाले, तेव्हा सहीचा कागद घेऊन मी शेजारीच उभा होतो. त्यांना वाचता येत नव्हतं, सही तेवढी यायची. एकेक अक्षर जपून काढलं त्यांनी — माझ्या शिक्क्याखाली. "कशाचा कागद?" असं त्यांनी विचारलं होतं. "घरी न्यायचा," मी म्हणालो. नवरा दुसऱ्या दिवशी गेला.

काही महिन्यांनी त्या दिराबरोबर रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी आल्या. कारखान्यात द्यायला म्हणून दिराने केसपेपरची नक्कल नेली होती, आणि शिक्का वाचला होता. तेव्हापासून घरात एकच — हिनेच हट्टाने घरी आणून त्याला मारलं.

"दादा, तुम्ही होता ना तिथं? डॉक्टरच म्हणाले ना, न्या म्हणून? सांगा की यांना."

दीर माझ्याकडे बघत होता. एक वाक्य पुरलं असतं. 'हो, डॉक्टरच म्हणाले.' माझी नोकरी गेली असती? छे. त्या खिडकीपाशी आम्ही तिघंच होतो.

मी म्हणालो, "बाई, कागदावर आहे तेच खरं."

"म्हणजे — मीच?"

हे त्यांनी मला विचारलं नाही. स्वतःलाच विचारलं. मी गठ्ठा बांधायला वळलो.

त्या पुन्हा आल्या नाहीत. मी शोधायला गेलो नाही. खडकी किती लांब आहे? स्वारगेटला, माझ्या घराखाली, बस मिळते. इतकी वर्षं मिळते आहे.

त्या डॉक्टर मुलीला काल मी नोंदींमागचं खरं काय ते लिहून पाठवलं, सोबत तो शिक्काही. निवृत्त होताना घरी आणला होता — कशाला, कुणास ठाऊक. तिच्या अभ्यासातला रकाना दुरुस्त होईल. दुसरी नोंद कुठल्याच कॉम्प्युटरवर नाही, म्हणून ती इथे करतो.

सुमनबाईंनी नवऱ्याला सल्ल्याविरुद्ध नेलं नाही. सल्ला तोच होता. मी ऐकला होता.