जिभेखालचे थेंब

माझी लेक आठ वर्षांची होती आणि तिचा सगळा जीव आमच्या घरमालकीण अक्कांच्या मांजरीत. मांजर मांडीवर बसली की दहा मिनिटांत हिचे डोळे सुजायचे, छातीतून शिट्टी वाजायची. बनशंकरीतलं ते घर सोडणं परवडणारं नव्हतं, आणि मांजर सोडायला लेक तयार नव्हती. म्हणून मांजरीच्या अ‍ॅलर्जीवरच्या थेंबांची एका दवाखान्यात चाचणी चालली आहे असं कळल्यावर मी तिचं नाव घातलं. ज्याची बाधा त्याचाच अर्क रोज जिभेखाली ठेवायचा आणि हळूहळू वाढवायचा. सही वाकडी आली. नवऱ्याला म्हटलं, पेन खराब आहे.

पहिला महिना रोज एक थेंब. काही झालं नाही. मग दुसरी, जास्त कडक बाटली आली. डॉक्टर घाईत होते. म्हणाले, सिस्टर सांगतील. सिस्टरने हिंदीत सांगू का विचारलं आणि मला रागच आला. या शहरात आल्यापासून तीन वर्षं मी भाजीवाल्या अण्णाशी कन्नडमध्ये घासाघीस करत होते.

"बेडा, कन्नड गोत्तु," हिंदी नको, कन्नड येतं, असं मी ऐटीत म्हणाले.

"सरी. नालिगे केळगे हनि हाकि. अर्थ आयता?" समजलं ना, असं तिने शेवटी विचारलं.

"आयतु."

हनि म्हणजे थेंब आणि नाल्कु म्हणजे चार, एवढं मला येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोजून चार थेंब घातले.

"आई, जीभ मोठी झालीय," ती म्हणाली. शब्द जाड येत होते, ओठ सुजत चालले होते. मी तिला उचलून रिक्षात बसले आणि कान तिच्या छातीला लावला. एरवी त्या शिट्टीची मला धास्ती वाटायची. त्या दिवशी ती शिट्टी थांबेल या भीतीने मी कान काढलाच नाही. वाटेत शिट्टी बारीक बारीक होत गेली.

दवाखान्यातल्या इंजेक्शननंतर तासाभराने तिच्या ओठांची सूज उतरली. किती थेंब दिले, डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन विचारलं.

"चार. सिस्टरनेच सांगितलं."

सिस्टरचा चेहरा उतरला. "नाल्कु अल्ल. नालिगे," ती म्हणाली, आणि स्वतःची जीभ बाहेर काढून जिभेवर बोट ठेवलं. जिभेखाली थेंब घाला, एवढंच तिने सांगितलं होतं; थेंब पूर्वीसारखा एकच द्यायचा होता.

लेकीचं नाव चाचणीतून काढलं. अक्कांनी मांजर यशवंतपूरला भावाकडे पाठवली.

"आई, माझं काही चुकलं का?" तिने विचारलं.

"नाही गं. औषध तुला मानवलं नाही."

आता ती स्वतः आई आहे. तिच्या मुलाने परवा मांजर मागितली, तेव्हा ती त्याला समजावत होती, "मला औषधसुद्धा मानवलं नव्हतं रे, आजीला विचार." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.