घागरीत आईनं काय टाकलं?

सांगलीच्या एसटी स्टँडवर मला निरोप द्यायला निम्मी कॉलनी लोटली होती. मी काही काशीला निघाले नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत अंधेरीला भावाकडे जायचं, एवढंच. पण शेजारचे हेडसर खिडकीशी येऊन बजावत होते, "नलू, शेवट घेतल्याशिवाय परत यायचं नाही!" आणि कुलकर्णीकाकू मागून ओरडत होत्या, "मंगळसूत्रच असणार, माझी पैज!" गाडीतले लोक माझ्याकडे संशयानं बघायला लागले.

प्रकरण असं होतं. मला जुन्या कॅसेट जमवायचा नाद आहे. नव्या कोऱ्या नकोत, कुणीतरी वापरून टाकून दिलेल्या हव्यात. शाळेतलं शिकवणं आटोपलं की रद्दीवाल्याकडे डोकवायचं, मिळेल ती उचलायची आणि शनिवारी संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत सगळ्यांना ऐकवायची, हा शिरस्ता. गेल्या वर्षी वहिनीनं अंधेरीच्या चर्चमधल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीतून बुटाच्या खोक्यात भरून कॅसेट पाठवल्या. गरिबांच्या मदतीसाठी चर्चवाले अशी विक्री भरवतात. त्यांतल्या एका कॅसेटवर नाव नव्हतं, गाव नव्हतं. फक्त लाल नेलपॉलिशचा एक ठिपका होता.

लावली, आणि आम्ही सगळे खुळावलो. दोन बायका घरात बसून लग्नाची गाणी म्हणत होत्या. भाषा मराठीच, पण किनाऱ्यावरची. मध्येच कुकरची शिट्टी, मध्येच खोकला, मध्येच खदखदून हसणं. शेवटचं गाणं सवाल-जवाबाचं होतं. एक विचारी, "मावशीनं घागरीन (घागरीत) काय गो टाकलं?" दुसरी म्हणे, "मावशीनं टाकलं आबोलीचं फूल." मामानं टाकला चांदीचा तोडा. भावानं टाकला सोललेला नारळ. बापानं टाकली शेताची माती. मग पहिली विचारते, "आयेनं घागरीन काय गो टाकलं?" आणि खट! कॅसेट संपली.

सबंध वर्ष त्या 'खट'नं आमचं डोकं खाल्लं. हेडसर म्हणाले अश्रू, काकू म्हणाल्या मंगळसूत्र, कुणी म्हणालं मीठ. त्या कॅसेटच्या सात-आठ नकला कॉलनीत फिरल्या, पण शेवट कुणाकडेच नव्हता. माझी आई तेवढी काही बोलली नाही. ती कोपऱ्यात शेंगा फोडत बसायची. एका शनिवारी वाद फारच रंगला तेव्हा म्हणाली, "एवढा जीव चाललाय तर जाऊन विचारून ये की." म्हणून मी निघाले होते.

अंधेरीला पोचले तर वहिनी माझ्याहून उतावीळ. "वन्सं, चहा घ्या आणि चला. चर्चच्या विक्रीचा आज शेवटचा दिवस, उशीर झाला तर वाट लागली."

चर्चच्या अंगणात मांडव घातला होता. टेबलांवर कपबश्या, फ्रॉक, बिनकाट्याची घड्याळं, इस्त्र्या, एक लाकडी घोडा. मला कुठं बघू नि कुठं नको असं झालं. कॅसेटचं टेबल मात्र चक्क रिकामं होतं. तिथं फुलाफुलांचा झगा घातलेल्या एक बाई बसल्या होत्या.

"कॅसेट? सगळ्या गेल्या ना गं! कालच तो घाटकोपरच्या टेकडीखालचा रेडिओवाला आला, गोणीत घालून घेऊन गेला."

मी पिशवीतून ठिपकेवाली कॅसेट काढली. "ही गेल्या वर्षी कुणी दिली असेल?"

"अगं, लोक पिशव्या ठेवतात नि जातात. कोण लक्षात ठेवणार?" मग त्यांनी कॅसेट हातात घेऊन नीट पाहिली. "पण अशी एक दोन ठिपक्यांची होती यार! कालच्या गोणीत. मला वाटलं, पोरांनी खेळून रंग सांडला."

वहिनीनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. दोन ठिपके म्हणजे भाग दोन! आम्ही बसस्टॉपपर्यंत अक्षरशः पळालो. साडी सावरत पळणाऱ्या दोन बायका बघून कंडक्टरनं घंटी मारायचा हात थांबवला, देव त्याचं भलं करो.

साकीनाक्यावरून घाटकोपरपर्यंत रस्त्यानं धूळ आणि कारखान्यांचे भोंगे. घाटकोपरच्या टेकडीवर घरं एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी चढत गेली होती. तिच्या पायथ्याला ते दुकान सापडलं. रेडिओ, पंखे, मिक्सरची पोटं उघडी पडलेली आणि मध्ये मालवणकडचे एक गृहस्थ, तोंडात स्क्रू धरून बसलेले. गोणी दाखवली तसं मी मांडीच घातली आणि उपसायला लागले. तळाशी पोचले तरी दोन ठिपके काही दिसेनात. तेवढ्यात वहिनी किंचाळली, "वन्सं, ते बघा!"

कॅसेट दुकानदाराच्या टेपरेकॉर्डरमध्येच होती. काचेतून दोन्ही लाल ठिपके दिसत होते.

"ती नको गे बाय," ते तोंडातले स्क्रू काढत म्हणाले. "तेच्यार मी माझ्या चेडवाचे (मुलीचे) पाढे भरलंय."

"काय भरलंय?"

त्यांनी बटण दाबलं. गाण्याच्या जागी एक खणखणीत आवाज आला, "एकोणतीस सत्ते दोनशे तीन!"

मला रडावं की हसावं कळेना. कॅसेटच्या पाठीला दोन बारीक पट्ट्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. या बायकांनी त्या मोडल्याच नव्हत्या. मी म्हटलं, "अहो, त्यावर गाणी होती!"

"होती खरी. बायो गायत होत्यो. पण चेडवाची परीक्षा आसा, मी काय करू?" त्यांचा चेहरा पडला. "ऱ्हवा. अगदी शेवटाक थोडा उरला आसात."

त्यांनी कॅसेट पुढे पळवली. पाढे संपले, कविता संपली, इतिहासाच्या सनावळ्या आल्या. मी देवाचं नाव घेत होते. मग मुलीचा आवाज तुटला आणि मागून, खोल विहिरीतून यावं तसं, आमच्या ओळखीचं ते हसू आलं. "बास गो मरीबाय, बंद कर. बोरिवलीची बस चुकल माझी." त्यावर दुसरी म्हणाली, "जा गो फिलूबाय, बस काय पळत नाय." आणि खट.

आईनं घागरीत काय टाकलं ते पाढ्यांखाली गाडलं गेलं होतं. पण वर्षभर नुसते आवाज होते, आता नावं मिळाली. मरीबाय आणि फिलूबाय! आणि फिलूबाय बोरिवलीची. मी आनंदानं त्या गृहस्थांना वाकून नमस्कार केला. ते इतके संकोचले की ती कॅसेट मला तशीच देऊ लागले. मी म्हटलं, राहू द्या, मुलगी पास होऊ दे.

दुसऱ्या दिवशी टॉवेलात गुंडाळून सांगलीहून आणलेला टू-इन-वन टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन आम्ही बोरिवलीला निघालो. इमारती मागे पडल्या आणि गावठण लागलं. उतरत्या कौलांची घरं, लाकडी गॅलऱ्या, कोपऱ्याकोपऱ्यावर झेंडूचे हार घातलेले क्रूस. ही ईस्ट इंडियन लोकांची वस्ती. इथले मूळचे ख्रिस्ती लोक, घरात मराठी बोलणारे. फिलूबाय कुठं राहतात विचारलं तर एका आजोबांनी उलट विचारलं, "कनची? मासळीवाली, नर्स, का गाणारी?"

"गाणारी!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

"आता नाय गात ती," ते म्हणाले आणि घर दाखवलं.

फिलूबाय दारातच बसल्या होत्या. लाल चौकड्यांचं लुगडं, पांढरे केस, डोळे मात्र तरतरीत. मी सांगलीहून आले म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "गान्यासाठी? येडी का काय गो तू?" पण लगेच आत बोलावून फुगे (मैद्याचे गोल तळलेले गोळे) पुढ्यात ठेवले. तसले हलके, किंचित गोड फुगे मी जन्मात खाल्ले नव्हते. वहिनीनं तर लाजच सोडली.

नेमकी वीज गेलेली. मी सेल घालून आमची ठिपकेवाली कॅसेट लावली, तर सेल बसलेले. मरीबायचा आवाज असा घोगरा नि संथ निघाला की फिलूबाय हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. "ही मरी नाय, हा तर तिचा दादला (नवरा)!"

सेल उन्हात ठेवायला मी उठले तेवढ्यात वीज आली. वायर लावून कॅसेट पुन्हा सुरू केली. आता आवाज खरा निघाला आणि फिलूबायंचं हसू थांबलं. त्या टेपरेकॉर्डरच्या अगदी जवळ सरकल्या.

"सर्दी झालेली तिला तवा," त्या हळूच म्हणाल्या. "मी म्हनली, नको गाऊ. ऐकते थोडीच."

मरीबाय त्यांची जाऊ. अंधेरीला राहायची. दोन वर्षांपूर्वी गेली. पोरांनी घर रिकामं केलं आणि सामान थोडं थोडं करून चर्चला दिलं, कॅसेटही त्यातच गेल्या. "लग्नाच्या आदल्या रोजी बायका वाजत-गाजत विहिरीवर जातात, नवरीच्या आंघोळीला उंबराचं पानी आनायला. तवाचं हे गानं," त्या म्हणाल्या. "मी इचारायचं, तिनं सांगायचं. आता इचारू कोनाला? म्हनून सोडलं."

गाणं शेवटाला आलं. "आयेनं घागरीन काय गो टाकलं?" खट.

"फिलूबाय," मी हात जोडले, "काय टाकलं? आमची अख्खी कॉलनी जागी आहे. नुसतं सांगा."

"नुसतं नाय सांगायचं ते. म्हनायचं असतं. आन एकटीनं नाय म्हनायचं."

मग मी काय बोलून गेले ते माझं मलाच कळलं नाही. "मी म्हणते मरीबायची बाजू. वर्षभर ऐकलीय, सगळी पाठ आहे." वहिनीनं मला कोपर मारलं. माझा आवाज शाळेत हजेरी घ्यायच्या लायकीचा. पण फिलूबाय माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग लुगड्याचा पदर खोचून ताठ बसल्या. वहिनीनं झटकन कोरी कॅसेट घालून बटणं दाबली.

"मावशीनं घागरीन काय गो टाकलं?" त्यांचा आवाज थरथरला.

"मावशीनं टाकलं आबोलीचं फूल!" मी जीव तोडून ओरडले.

"मामानं घागरीन काय गो टाकलं?" आता थरथर गेली होती. तोडा झाला, नारळ झाला. दारात शेजारच्या बायका जमल्या. बापाची माती झाली तेव्हा कुणीतरी टाळ्यांचा ठेका धरला होता.

"आयेनं घागरीन काय गो टाकलं?"

पुढचं मला येत नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. फिलूबायंनी डोळे मिटले आणि आजवर कधीच न म्हटलेली मरीबायची ओळ स्वतः म्हटली.

"आयेनं काय नाय टाकलं गो, आयेनं घागर उचलली."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. फिलूबायही रडत होत्या आणि रडतारडताच मला म्हणाल्या, "आवाज कावळ्याचा हाय तुझा. पन ठेका सोडत नाय." आयुष्यात मला इतकं मोठं प्रशस्तिपत्र मिळालेलं नाही.

निघण्यापूर्वी मी केसातला आकडा काढून नव्या कॅसेटच्या दोन्ही पट्ट्या मोडल्या. आता कुणाच्या पाढ्यांची भीती नाही. मरीबायच्या आवाजाची मूळ कॅसेट मी फिलूबायंकडे ठेवली. त्यांच्या भाचीकडे टेप होता, आणि आमच्याकडे नकला होत्याच. फिलूबायंनी नेलपॉलिश मागवून नव्या कॅसेटवर तीन ठिपके दिले आणि गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आल्या. तिथून वळलो तरी मागून गाणं ऐकू येत होतं. शेजारच्या बायका सवाल करत होत्या आणि फिलूबाय जवाब देत होत्या.

परतीच्या एसटीत मी ठरवलं होतं की आता शनिवारपर्यंत तोंड उघडायचं नाही. सगळ्यांना एकदमच ऐकवायचं. हेडसरांची, काकूंची तोंडं कशी होतील ते मनात रंगवत मी सांगलीला उतरले. स्टँडवर आई एकटीच आली होती.

"मिळाला का गं शेवट?"

"मिळाला. शनिवारी सांगेन."

"बरं." माझ्या दोन पिशव्यांपैकी टू-इन-वन आणि घाटकोपरच्या गोणीतून आणलेल्या कॅसेट भरलेली जड पिशवी तिनं उचलली आणि चालू लागली. मी हलकी पिशवी घेऊन मागं. चार पावलं गेले आणि मला जागच्या जागी थांबावं लागलं.

"आई," मी म्हटलं, "त्या आईनं काहीच टाकलं नाही गं. तिनं घागर उचलली."

आईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मग? आणखी कोण उचलणार होतं?" ती म्हणाली. "हे विचारायला तू मुंबईला गेली होतीस होय?"