गवताच्या मशीनचं लगेज

कुणाचंही सामान दिसलं की माझा हात आधी त्याच्याकडे जातो. परवा एका लग्नात नवरीची बॅग मी एका टोकाला उचलून बघितली, तेव्हा व्याह्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. काय करणार, खोड आहे. वीस-बावीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, बहुतेक निलंग्याकडच्या गाड्यांवर. पोत्याचं टोक जरा वर केलं की आत ज्वारी आहे का कांदे, आणि लगेजचं तिकीट लागतं का नाही, हे मला कळायचं. लोक म्हणायचे, "बाई, काय न्हाई हो त्यात, कपडे हायत." मी म्हणायचे, "लोखंडाचे कपडे घालता का?" या भांडणात मी सहसा हरले नाही.

पाय मात्र त्या नोकरीत गेले. दिवसभर पायाखाली गाडीचा पत्रा. उन्हाळ्यात तो तापायचा आणि बारा महिने थरथरायचा. एक हात वरच्या दांडीला, दुसऱ्या हातात तिकिटाची मशीन. घरी आल्यावर स्वयंपाकघरातली फरशीसुद्धा हलतेय असं वाटायचं. म्हणून रिटायर झाल्यावर लातूरच्या घरापुढच्या जागेत मी पहिली काय लावली असेल तर हिरवळ. अनवाणी उभं राहायला मला एक थंड, न हलणारी जागा पाहिजे होती. बाकी कुठलीच हौस मी केली नाही.

आमचे हे गणिताचे मास्तर होते. त्यांना हिशोब पटेना. "लातुरात माणसाला पाणी न्हाई आन् तू गवताला घालायलीस. आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठून यील?" मी धुण्याचं शेवटचं पाणी आणि फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरून हिरवळ जगवली. आडातला एक थेंबसुद्धा घेतला नाही. 

जगली म्हटल्यावर ती वाढायलाही लागली. आधी एकजण येऊन विळ्यानं कापायचा आणि शेळ्यांना गवत न्यायचा. त्यानं शेळ्या विकल्या आणि यायचं बंद केलं. मग हे स्वतः मोठी कात्री घेऊन बसले, आणि कंबर धरली ती आठवडाभर सुटली नाही. माझा उजवा खांदा तर केव्हाच आखडलेला. तेव्हा पलंगावर पडल्या पडल्या यांनी जाहीर केलं, "गट्टू बसवू."

गट्टू म्हणजे त्या सिमेंटच्या विटा. आमच्या गल्लीत सगळ्यांच्या अंगणात बसल्यात. उन्हाळ्यात त्यांच्यावर पाय ठेवला की मला ड्रायव्हरशेजारचं इंजिनाचं झाकण आठवतं. दोन दिवस भाजीत तिखट जरा जास्तच पडलं. तिसऱ्या दिवशी हे तडजोडीवर आले.

"गवत कापायची मशीन आण," हे म्हणाले. "पण आपलं जोतं उंच. बाहेर ठेवली तर मशीन राहायची न्हाई. पायऱ्यांवरनं खाली तूच एकटीनं न्यायची, वर बी एकटीनंच आणायची. जमलं तर लॉन. न्हाई जमलं तर गट्टू, आन् मग तोंड वाकडं करायचं न्हाई."

"कबूल," मी म्हटलं.

लातुरात एका दुकानात पेट्रोलवरची मशीन होती. ती चालू करायला दोरीला हिसका द्यावा लागतो. दोरी बघूनच माझ्या खांद्यानं नकार दिला. दुसरी वायरवरची होती. पण वायर पात्याखाली आली तर काय, आणि लाइट गेली तर काय? आमच्याकडे लाइट पाहुण्यासारखी असते, कधी उठून जाईल सांगता येत नाही. मग एका बारशाला आम्हा दोघांचं नांदेडला जाणं झालं, तिथं बॅटरीवरच्या मशीनचं दुकान सापडलं.

दुकानदार मोठा गोडबोल्या. "मावशी, रुंद पात्याची घ्या. दोन चकरांत अंगण साफ. वजन तर कायच न्हाई हिला."

मी टोक उचललं. "अर्धं पोतं गहू हाय हे."

त्यानं दुसरी दाखवली, मी ती पण नापास केली. माझ्या मागं आलेलं एक गिऱ्हाईक माझं बघून टोकं उचलायला लागलं. शेवटी कोपऱ्यातली सगळ्यात लहान मशीन मिळाली. अंग प्लास्टिकचं, दांडा दुमडणारा, पातं अरुंद. चार चकरा जास्त माराव्या लागतील, पण मला कुठं गाडी गाठायची होती? डाव्या हातानं उचलली तर कमरेपर्यंत सहज आली. मी यांच्याकडे असं बघितलं, की गट्टू गेले आता खड्ड्यात.

परतीच्या गाडीत खोकं पुढच्या सीटशेजारी ठेवलं. कंडक्टर मुलगी होती, आमच्या लेकीच्या वयाची. तिनं खोक्याचं टोक जरा वर केलं.

"मावशी, लगेज लागंल."

"अगं, काय न्हाई त्यात. हलकीच मशीन हाय."

हे वाक्य माझ्याच तोंडून निघालं यावर माझा विश्वास बसेना.

"उचलून बघा की मग," ती म्हणाली.

मी उचललं आणि लगेच खाली ठेवलं. दुकानात मांडलेल्या मशीनला बॅटरीच नव्हती. कापलेलं गवत साठायची पेटीसुद्धा काढून ठेवलेली होती. आयुष्यभर दुसऱ्यांची पोती ओळखणारी मी, रिकामी मशीन तोलून मोकळी झाले होते. गुरूची विद्या गुरूला फळली. बायकांना तिकीट अर्धं असलं तरी लगेजला सवलत नाही. मी पैसे काढले, आणि मनात म्हटलं, पोरगी तयार आहे. हे खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

लातूर येईपर्यंत मला मात्र हसू आलं नाही.  एवढं वजन माझ्याच्यानं पायऱ्या चढणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन जोडली. उतरताना ती एकेका पायरीवर दणके देत कशीबशी आली. पण चालली फार छान. आवाज पंख्यापेक्षा जरासा जास्त, मागं हिरवा पट्टा सरळ पडत गेला, पेटी ताज्या गवतानं भरली. मी गाणं गुणगुणत होते. मग वर न्यायची वेळ आली. दुसऱ्याच पायरीवर खांद्यातून अशी कळ आली की मी मशीन घेऊन परत खाली. हे दारात हात मागं बांधून उभे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा मला रागही आला.

मशीनकडे बघत उभी राहिले. गाडीच्या दारात अडकलेले, दोन्ही हातांत पोती घेतलेले कितीतरी प्रवासी मला आठवले. त्यांच्यावर मी काय ओरडायचे? "दोन खेपा करा की! गाडी काय पळून चालली का?"

मी पेटी उतरवली. बॅटरी काढून गवतावर ठेवली. नुसती मशीन डाव्या हातात घेतली आणि पायरी-पायरीवर टेकवत वर नेली. दम लागला, पण नेली.

बॅटरी आणायला वळले तर हे खाली उतरलेले. चपला पायरीपाशी काढलेल्या, अनवाणी हिरवळीवर उभे, हातात बॅटरी.

"एकटीनं ठरलं होतं," मी म्हटलं.

"मशीन तू एकटीनंच नेलीस. हे लगेज हाय."

मला हसू फुटलं. हे मात्र हसले नाहीत.

"मला काय गवताशी वैर न्हाई," हे म्हणाले. "ड्यूटीवरनं आली की तुझ्या पायाला गरम पाणी कोण आणून द्यायचं? पाय तर गेलेच. आता गवतापायी खांदा बी घालवशील, ह्याची धास्ती होती मला."

इतके दिवस गट्टू गट्टू करत होता हा माणूस, आणि हे एक वाक्य त्याला सुचलं नव्हतं. चार शब्द सुनावावेत असं आलं होतं मनात, पण ते राहू दिले. मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. कापलेलं गवत तळव्यांना जरा टोचत होतं, थंड लागत होतं. सवयीनं माझा एक हात वर गेला, दांडी धरायला. वर काही नव्हतं, आणि पायाखाली काही हलत नव्हतं. मी हात खाली घेतला.