मागणी मान्य झाली, आता पळा

तुम्ही शेवटचं कधी धावलात? एसटी सुटते म्हणून नव्हे, कुत्रं मागे लागलं म्हणून नव्हे. उगाच, मजा वाटते म्हणून?

नववीत मला कोणी हे विचारलं असतं, तर उत्तर देता आलं नसतं. आर्णी रस्त्यावरच्या आमच्या शाळेत शारीरिक शिक्षणाचा तास म्हणजे मुलांचं क्रिकेट आणि मुलींचा व्हरांडा. मुलं खेळायची, आम्ही एकमेकींच्या वेण्या घालायचो. चेंडू आमच्याकडे आला तर तेवढा परत फेकायचा. कोणी खेळायला बोलावलंच, तर आमचं पोट दुखायचं. वर्गातल्या झाडून साऱ्या मुलींचं, दर आठवड्याला, त्याच तासाला.

मला हा अन्याय वाटायचा. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा सभांची पत्रकं वाटायचे. उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचे आणि छापील बाजू पाठ करायचे. तेव्हा मीही एक पत्रक लिहिलं. मैदान निम्मं मुलींचं आहे, ते त्यांना मिळालंच पाहिजे, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल. शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, आपण तर आधीच बसून आहोत, आता अजून कोणतं आंदोलन करणार? ते ठरायचं राहिलं. पत्रक मी सूचनाफलकावर डकवलं.

त्याच सुमारास खेळाच्या नव्या मॅडम आल्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट. त्यांनी पत्रक वाचलं आणि तशाच मुख्याध्यापकांकडे गेल्या. मुख्याध्यापकांचा डोळा त्या तासावर होता. त्यांना तो गणिताला हवा होता. ते म्हणाले, शुक्रवारी मैदान मुलींचं. खेळल्या तर पुढेही त्यांचं, नाही खेळल्या तर तास गणिताला. मॅडमनी वर्गात येऊन हे जसंच्या तसं सांगितलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मागणी मान्य झाली. आता पळा.”

शुक्रवारी मुलं व्हरांड्यात बसली आणि आम्ही मैदानात. फक्कीने मोठा चौकोन आखला होता. आम्ही त्यात उभ्या राहिलो, त्या उभ्याच. मैदान मागताना मी त्याचा हक्क मागितला होता. त्यात धावावंही लागेल, हे माझ्या पत्रकात कुठेच नव्हतं. गणवेशात ओढणी आली तेव्हापासून मी धावलेच नव्हते. आता सगळा व्हरांडा बघत होता. पलीकडून कोणीतरी विचारलं, “पुतळे बसवले का बे मैदानात?”

मॅडमनी विचारलं, काय अडचण आहे? एक म्हणाली ओढणी, दुसरी म्हणाली पोट. पोटाकडे त्यांनी लक्षच दिलं नाही.

“दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचाले गेलत्या ना? तवा कापूस टाकाले कमरेले ओटी कशी बांधता? तशी बांधा ओढणी.”

हे कोणाला शिकवावं लागलं नाही. बघता बघता सगळ्यांच्या ओढण्या कमरेला घट्ट. दुकानवाल्यांच्या दोन मुलींना तेवढं जमेना, त्यांच्या आम्ही बांधल्या. तेवढ्यात मॅडमनी स्वतःचा पदर खोचला आणि एक पाय वर घेतला.

“लंगडी हाय. पत्रकवाली, पहिले तुलेच धरतो.”

आणि त्या खरंच आल्या. पन्नाशीची बाई, एका पायावर, टणाटण. मी एक पाऊल मागे सरले, मग दुसरं, आणि मग पळत सुटले. वेणी पाठीवर आपटत होती, कानांत वारा शिरत होता आणि मी मोठ्यांदा हसत होते. मॅडमनी मला कोपऱ्यात गाठलंच. पण तोवर सगळा चौकोन ओरडत, आदळत, धावत होता.

पुढची पाळी शेजारी बसणाऱ्या माझ्या त्याच मैत्रिणीची. ती वर्गात सगळ्यांत उंच. मुलं तिला उंट म्हणायची, म्हणून ती शाळेत कधी ताठ उभी राहायची नाही. तिने पाय उचलला आणि व्हरांड्यातून आवाज आला, “उंट निंघाला रे.” ती थांबली. मला वाटलं, आता पाय टेकवेल, बसेल, आणि तिच्यामागे एकेक करून सगळ्याच बसतील. गेला तास गणिताला.

तिने पाय टेकवला नाही. तशीच एका पायावर वळली आणि म्हणाली, “उंटच हाय मी. हिंमत असन तर ये चौकोनात.”

व्हरांडा हसला, पण ओरडणाऱ्या पोराला. आणि तिने जे टप्पे टाकले! आमच्या तीन उड्यांचं अंतर तिची एक उडी. एकेकीला तिने टिपलं, तेव्हा ती पूर्ण ताठ होती.

घंटा झाल्याचं कळलंच नाही. मुख्याध्यापक बाहेर आले, गणिताचे सर त्यांच्यामागे. धुळीने माखलेल्या आम्हाला त्यांनी जरा वेळ बघितलं आणि मॅडमना म्हणाले, ठेवा तुमचा तास. घरी जाऊन मी तीन भाकरी खाल्ल्या. आईने विचारलं, आज पोट नाही दुखलं का?

आता मी यवतमाळात राहते आणि अजूनही पत्रकं लिहिते. मुलींना खेळाची आवडच नसते, असं कोणी म्हटलं की अजूनही माझं डोकं तापतं. आवड असते. त्यांच्यासाठी चौकोन आखणारं आणि आधी स्वतः पाय उचलणारं कोणीतरी लागतं. तेव्हा एक करा. येत्या पालकसभेला जाल तेव्हा मार्कांचं विचारून झालं की लगेच उठू नका. खेळाचा तास खरंच होतो का आणि मुली त्यात खेळतात का, हे विचारा. उत्तर नीट मिळालं नाही, तर एखाद्या दिवशी त्या तासाला मैदानावर जा, आणि नुसतं बघत उभे राहू नका.